३९० ड्यूक आणि व्हर्टस जीटी : एकाच पार्किंगमधल्या दोन वेगवान गाड्या, वर्षभरानंतर

कार वेग लपवते आणि बाईक तो वाढवून सांगते. वर्षाहून जास्त काळ दोन्ही आलटूनपालटून चालवल्यावर माझं मत एवढंच बनलं आहे. यातलं काय घ्यावं, असं काहींनी विचारलं होतं; खाली जे लिहिलंय तो त्याचाच खुलासा.

बाईक म्हणजे केटीएम ३९० ड्यूक, सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली तिसरी पिढी, ३९९ सीसीची. कार म्हणजे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, दीड लिटरचं टर्बो इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. दोन्ही चाकणला बनतात. ज्या गावाचं नाव पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी घेतलं जायचं, तिथल्या दोन कारखान्यांकडे माझ्या पगाराचा बराचसा भाग जातो. दोन्ही स्वतःच्या पैशाने आणि अर्थातच हप्त्यांवर घेतल्या आहेत. वापर म्हणाल तर पुण्यातलं रोजचं जाणं-येणं, ताम्हिणीतून चिपळूणला गावी आणि अधूनमधून मुंबई.

कागदावरचा हिशेब आधी उरकतो. ड्यूकची ताकद ४६ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), वजन पेट्रोलसकट १६८ किलो. व्हर्टसची १५० पीएस, वजन पावणेतेरा क्विंटलच्या आसपास. नुसत्या ताकदीत कार तिपटीहून वरचढ आहे, पण चालकाला बसवून भागाकार केला की चित्र उलटतं. हेल्मेट-जॅकेटसकट मी ८५ किलो धरला तर बाईकच्या वाट्याला टनामागे १८० पीएस येतात, कारच्या वाट्याला ११० च्या आसपास. म्हणूनच शून्यावरून शंभर गाठायला बाईकला साधारण सहा सेकंद पुरतात आणि कारला नऊ लागतात. सिग्नल सुटला की ती आपल्यापेक्षा पाचपट महाग कारला सहज मागे टाकते. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि खरं सांगायचं तर महिन्याभरात त्याचं अप्रूप संपतं. नळ स्टॉपपासून कर्वे पुतळ्यापर्यंत शंभर गाठून करायचंय काय?

खरी गंमत ताम्हिणीत. मुळशीचं पाणी मागे पडलं, डोंगरवाडी गेली आणि विळ्याकडचा उतार लागला की बाईक साठ-सत्तरच्या पुढे न्यावीच लागत नाही. तिसरा गिअर, इंजिन साडेपाच-सहा हजारांवर, आणि प्रत्येक वळणाला सगळ्या शरीराला काम. नजर वळण जिथे सुटतं तिथे, गुडघे टाकीला घट्ट, आणि डावीकडे वळायचं तर डाव्या मुठीला पुढे हलकासा रेटा. ऐकायला उलटं वाटतं, पण जरा वेग आला की प्रत्येक दुचाकी अशीच वळते. रोज स्कूटर चालवणारेही नकळत हेच करत असतात. ते जाणूनबुजून करायला लागलात की बाईक तुम्ही सांगाल तेव्हा आणि तेवढीच झुकते. त्यात क्विकशिफ्टर आहे. क्लच न दाबता गिअर वर-खाली होतात आणि खाली टाकताना इंजिन स्वतःच आवाज चढवून जुळवून घेतं. घाटात दोन-तीन गिअर असे उतरवताना हेल्मेटच्या आत मी अजूनही हसतो. या सगळ्या खटाटोपात काट्याकडे बघायला सवड नसते. विळ्याला चहाला थांबून पाहावं, तर सरासरी चाळीसही भरलेली नसते!

तोच घाट त्याच वेगाने कारने उतरलो की काहीच घडत नाही. स्टिअरिंग नेमकं आहे, गाडी वळणात फारशी कलंडत नाही, १६ इंची टायर पकडून ठेवतात, एसी चालू, गाणी चालू. उत्तम. पण मजा? या कारला त्या वळणांत जरा जाग यावी असं वाटत असेल तर नव्वदने उतरायला हवं, आणि नव्वदने ताम्हिणी उतरणारा माणूस समोरून चढणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचा गुन्हेगार असतो.

एकदा एक्सप्रेसवेवर, खालापूरच्या पुढे, काटा बरोबर शंभरावर होता. मागून आई म्हणाली, “अरे, पन्नासनेच नेतोयस का? आज पोचायचंय ना?” हीच कारची खासियत. वारा बाहेर, आवाज बाहेर, पाठीमागे सव्वा टनाचा भार. त्यावर कडी म्हणजे हलक्या पायाने चालवताना हे इंजिन चारातले दोन सिलिंडर बंद ठेवतं. म्हणजे वेगाच्या हौसेने घेतलेली गाडी सपाट रस्त्यावर अर्ध्याच इंजिनावर निवांत चाललेली असते. याउलट बायको बाईकवर मागे बसलेली असली तर साठ ओलांडल्याबरोबर पाठीत बोट टोचतं. दोघींचाही अंदाज चुकत नाही, त्या ज्यावर बसल्यात ते यंत्र त्यांना तसं सांगतंय.

कारचं हे लपवणं मला बाईकच्या उघड धोक्याइतकंच धोक्याचं वाटतं. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. बाईकवर ते २८ मीटर छातीवर जाणवतात. कारमध्ये ते फक्त गणितात असतात, आणि गणित कोणी गाडी चालवताना करत नाही. १२० झाले हे अनेकदा कॅमेऱ्यालाच आधी कळतं. एक्सप्रेसवेवर सपाटीला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, आणि २०२४ पासून तिथे जागोजाग कॅमेरे बसले आहेत.

बाईकचं सांगणंसुद्धा एका मर्यादेपर्यंतच गोड वाटतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साठचे एकशेवीस केले की वाऱ्याचा मार चौपट. ड्यूकला पुढे काच नाही, वारा अडवणारं आवरण म्हणजे फेअरिंगही नाही. शंभरपर्यंत तो वारा उत्साह देतो, एकशेदहाच्या पुढे मान आणि खांदे भांडायला लागतात, आणि सिंगल सिलिंडरची थरथर तळव्यांत उतरते. मोठ्या रस्त्यावर तासभर एकशेवीस धरून जाणं ही मला तरी मजा वाटली नाही. काहींना वाटते, त्यांच्या मानेला नमस्कार.

तसेही वेगासाठी बांधलेले आपल्याकडचे रस्ते बाईकला बंदच आहेत. पुणे-मुंबई एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, कुठेच दुचाकी चालत नाही. समृद्धीवर कारला सपाटीला १२० ची मुभा, आणि बाईकवाल्याने जुन्या रस्त्याने लोणावळा-खोपोली करत मुंबई गाठायची. सुरुवातीला याचा राग यायचा. आता वाटतं, बाईकचं काम जुन्या रस्त्यावरच आहे. समृद्धीवर बाईक नेऊन करणार काय, वळणं कुठे आहेत? मात्र बंदीचं हे कारण सरकारच्या डोक्यात असेल असं मला मुळीच वाटत नाही.

कार जिथे निर्विवाद जिंकते ती जागा म्हणजे ओव्हरटेक. महामार्गाचं चौपदरीकरण जिथे अर्धवट आहे, पुढे टँकर, समोरून येणारी गाडी लांब आहे आणि रस्त्याचा तेवढाच तुकडा मोकळा आहे, तिथे १६०० आरपीएमपासून मिळणारा २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, फार कामाला येतो. पाय दाबला, डीएसजीने गिअर उतरवला, साठचे नव्वद झाले, काम झालं. गाडीत चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या तरी जवळपास तेवढंच. ड्यूकचा टॉर्क ३९ न्यूटन-मीटर, तोही साडेसहा हजारांवर. एकटा असलो आणि योग्य गिअरमध्ये असलो तर ती तेच काम आणखी लवकर करते, पण चुकीच्या गिअरमध्ये सापडलात तर आधी दोन गिअर खाली या, मग निघा. फक्त कारच्या ओव्हरटेकला मी थरार म्हणणार नाही. तो सुटकेचा निःश्वास आहे.

मित्रमंडळीत एक वाद हमखास होतो : ट्रॅकवर वेगवान कोण? सरळ रस्त्यावरची सुरुवात पाहून बहुतेक जण बाईकच्या बाजूने बोलतात. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ मध्ये फॉर्म्युला वन कारमध्ये व्हेटेलने शर्यतीतली सर्वांत जलद फेरी १ मिनिट २७ सेकंदांत मारली होती. २०२३ मध्ये मोटोजीपी, म्हणजे बाईकची शर्यत, तिथे आली, बेझेकी जिंकला, आणि जवळपास त्याच ट्रॅकवर त्यांना फेरीला पावणेदोन मिनिटांच्या आसपास लागत होती. सरळ पट्ट्यावर दोघेही तीनशेच्या पुढे पळतात. सगळा फरक वळणांत आणि ब्रेक मारताना पडतो. चार रुंद टायर आणि वरून दाबणारी हवा एकीकडे, दोन ठिकाणी तळहाताएवढं रबर दुसरीकडे. माझ्या दोन गाड्यांमध्ये हवेचा दाब वगैरे काही नाही, पण मूळ कारण तेच आहे. ओल्या वळणात कार किती तरी जास्त सहन करते. बाईक फक्त जास्त जोरात जात असल्यासारखी वाटते, आणि त्या वाटण्यासाठीच तर आपण पैसे मोजतो.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर. व्हर्टस जीटीला मागे डिस्क नाहीत, ड्रम आहेत. ही माहिती मिळाल्यावर अनेकांचं तोंड वाकडं होतं, माझंही झालं होतं. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या या वजनाच्या गाडीत थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, आणि कशेडीचा जुना घाट उतरतानाही मला पायाखाली काही कमी पडल्याचं जाणवलं नाही. घाबरून ब्रेक दाबला तरी कार सरळ थांबते, एवढं तिच्यात शहाणपण आहे. ड्यूकमध्ये कॉर्नरिंग एबीएस आहे, म्हणजे झुकलेल्या अवस्थेत ब्रेक लावला तर ती झुकाव मोजून दाब आवरते. मोठं वरदान, पण वळणावर पसरलेली खडी किंवा पावसात वाहून आलेली लाल माती तिला आधी दिसत नाही. ती तुम्हालाच दिसायला हवी. ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत २०२३ ला व्हर्टसला पाच तारे मिळाले. बाईकचे तारे म्हणजे तुमचं जॅकेट, हातमोजे आणि गुडघ्याचे गार्ड. बाईकच्या किमतीत यासाठी निदान पंचवीस-तीस हजार वेगळे धरा आणि त्यात घासाघीस करू नका. एप्रिलमध्ये माणगावच्या उन्हात ते घालून उभं राहणं ही शिक्षा आहे, पण ते काढून चालवणारे पाहिले की माझ्याच पोटात गोळा येतो.

शहरात दोन्ही तितक्याशा सुखाच्या नाहीत. बंपर-टू-बंपर वाहतुकीत मोठ्या सिंगल सिलिंडरचा पंखा सुरू झाला की उष्णता मांड्यांवर येते, आणि सात गिअरच्या डीएसजीचे कोरडे क्लच रांगत जायला फारसे खूश नसतात. युनिव्हर्सिटी चौकात मी दोन्हींना कंटाळतो आणि घरच्या जुन्या ॲक्टिव्हाची आठवण काढतो.

खर्च. बाईक साधारण २५-२७ देते. कार शहरात ११-१२ आणि मोकळ्या रस्त्यावर १७-१८. थर्ड पार्टी विम्याचा सरकारने ठरवलेला दर मात्र पाहण्यासारखा आहे. ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीला वर्षाला २,८०४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीच्या कारला ३,४१६. फरक जेमतेम सहाशेचा. सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही ४० टक्के जीएसटीच्या एकाच रकान्यात आल्या. कारचा कर थोडा उतरला आणि ३५० सीसीच्या वरच्या बाईकचा ३१ वरून चढला. सरकारच्या लेखी दोन्ही सारख्याच चैनीच्या. टायर बाईकचे कितीतरी लवकर झिजतात, मागचा तर फारच, आणि चांगल्या पकडीचा टायर पाहिजे असेल तर स्वस्तात मिळत नाही.

आता ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी. थराराचीच हौस असेल, पैसे मोजके असतील आणि घरात एक कामापुरती कार आधीच असेल, तर जीटीच्या मागे लागू नका, बाईक घ्या. ती पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान, म्हणजे मोठ्या रस्त्यावर कायद्यात बसणाऱ्या वेगात, सगळी मजा देऊन मोकळी होते. जीटीची मजा जिथे सुरू होते तिथे आपल्याकडे चलान सुरू होतं. मात्र महिन्यातून दोन-तीनदा कुटुंबासकट कोकणात किंवा देशावर लांब जाणं असेल, तर ते २५० न्यूटन-मीटर फुकट जाणार नाहीत. मीच आज घेत असतो तर जीटी मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पाहिली असती, म्हणजे निदान डाव्या हातापायाला काही काम राहिलं असतं.

पहिल्यांदाच एवढी ताकदवान बाईक घेणाऱ्यांनी सुरुवातीचे दोन-तीन महिने रेन मोडमध्येच, म्हणजे ताकद हळुवार सोडणाऱ्या पावसाळी सेटिंगमध्येच, काढावेत, भर उन्हाळा असला तरी. मित्र हसतील, हसू द्या. आणि मागचा टायर पावसाच्या तोंडावर तपासून घ्या. खाचा उथळ झाल्या असतील तर मे महिन्यातच बदला, कारण जूनमध्ये हव्या त्या मापाचा टायर पुण्यात पटकन मिळत नाही आणि दुकानदार भावही उतरवत नाही.