मटारच्या शेंगेतले गणित : आमच्या बालवाडीविषयी

माझी चार वर्षांची मुलगी गेले वर्षभर आमच्या वस्तीतील एका लहानशा बालवाडीत जाते. तेथे भाषा, गणित, चित्रकला असे वेगळे तास नाहीत. आठवडाभर एकच विषय घेऊन त्यात सारे गुंफले जाते. भाजी मंडईच्या आठवड्यात ताईंनी मुलांपुढे मटारच्या शेंगा ठेवल्या आणि सोलण्यापूर्वी आत किती दाणे असतील, याचा प्रत्येकाला अंदाज करायला लावला. मुलीने सहा सांगितले, निघाले आठ. तेव्हा ‘किती जास्त निघाले?’ एवढेच विचारून, तिने दाणे ओळीने मांडून मोजेपर्यंत ताई शांतपणे थांबल्या. हे थांबणे आयत्या वेळी सुचलेले नव्हते, कारण कोणत्या मुलाला काय विचारायचे याची टिपणवही त्या रोज भरतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामाची, परिसरातील वस्तूंतून शिकवण्याची, हीच वाट आहे.

संक्रांतीनंतर मात्र काही पालकांच्या आग्रहाखातर अक्षरे गिरवण्याच्या वह्या आल्या, हे मला मुळीच पटले नाही. ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठीचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही खेळातून शिकण्यावरच भर देतो. शिवाय ३० मुलांमागे एकच ताई आहेत. तरीही धाकट्याचे नाव मी येथेच घातले आहे.