सिंगलवाइड भाड्याने देऊन चौदा महिने

नॉर्थ कॅरोलिनात, रॅलीपासून तासाभरावर, पाऊण एकर जमीन आणि तिच्यावरचं 1994 सालचं सिंगलवाइड घर आम्ही भाड्याने द्यायला विकत घेतलं. सिंगलवाइड म्हणजे कारखान्यात बांधून, एकाच तुकड्यात चाकांवर ओढून आणलेलं लांबट घर. दोन्ही मिळून 78 हजार डॉलर, रोख. असल्या घराला, तेही भाड्यासाठी, कर्ज देणारे मोजकेच. त्यांचा व्याजदर ऐकून मीच फोन ठेवला. आईला सांगितलं तर म्हणाली, "चाकांवरचं घर? भाडेकरू घेऊन पळाला तर?"

चाकं केव्हाच निघाली होती, पण कागदावर घर अजून वाहनच होतं. इथे कारखान्यातून निघालेल्या घराला गाडीसारखं डीएमव्हीचं, म्हणजे वाहन नोंदणी खात्याचं, टायटल (मालकीचा कागद) असतं, जमिनीचं खरेदीखत वेगळं. आधीच्या मालकाने टायटल रद्दच केलं नव्हतं. ते रद्द करायचं तर चाकं, अॅक्सल, ओढायचा हुक काढलाय आणि घर कायमच्या पायावर आहे असं प्रतिज्ञापत्र द्या, टायटल परत करा, मग त्या प्रतिज्ञापत्राची जमिनीच्या दप्तरी नोंद करा. वकिलाने सौद्याआधीच पकडलं म्हणून निभावलं.

घर बघायला गेलात की आधी बाहेरच्या भिंतीवर लाल धातूची छोटी पट्टी शोधा. 15 जून 1976 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे घर बांधल्याची ती खूण. त्याआधीचं घर फुकट दिलं तरी मी घेणार नाही. आमच्या घराला पट्टी होती. पाइप मात्र करड्या पॉलिब्युटिलीन प्लास्टिकचे, त्या काळात सर्रास घालत आणि पुढे गळण्यासाठी बदनाम झाले तेच. माहीत असूनही "बघू नंतर" म्हटलं.

ते नंतर जानेवारीत आलं. सकाळी सहाला भाडेकरूचा फोन, नळाला पाणी नाही. घराखालची पोकळी झाकणारा स्कर्टिंगचा पत्रा काढून टॉर्च घेऊन पोटावर सरपटत आत गेलो. उंदरांनी घराच्या तळाचं आवरण कुरतडलेलं, आतलं इन्सुलेशन फाटक्या गोधडीसारखं लोंबत होतं. पाइप गोठू नये म्हणून विजेवर तापणारी हीट टेप गुंडाळलेली, पण तिचं सॉकेट ट्रिप झालेलं. कधीपासून, देव जाणे. दुपारी बर्फ वितळला आणि दोन जोड सुटले. सगळे पाइप पेक्सचे (नव्या लवचिक प्लास्टिकचे) करणं नि तळ शिवून घेणं, 5,200 डॉलर.

आता हिशेब. भाडं महिना 950. चौदातले सुरुवातीचे दोन महिने घर रिकामं, म्हणून आले 11,400. कर आणि विमा 1,900, सेप्टिक टँक उपसायला 450. वरचे पाइप वजा जाता हातात 3,850. बँकेत ठेवले असते तरी एवढे सुटले असते, हे बायको दर महिन्याला ऐकवते.

भाडेकरू मात्र सोनं. गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे, पैसे एक तारखेला. आधी अशाच घरांच्या पार्कमध्ये, म्हणजे भाड्याच्या जागांच्या वसाहतीत, राहायचा; तिथे घर स्वतःचं होतं, पण जागेचं भाडं दरवर्षी वाढायचं. इथे त्याने मागे टोमॅटो लावलेत, आम्हाला पिशवी भरून देतो.

त्याच रस्त्यावर आणखी एक विकायला आहे, 1999 सालचं. शनिवारी बघायला जातोय, जुनी पँट घालून.