४०० मिमी प्राइम की १५०-६०० झूम?

पक्ष्यांसाठी पहिली मोठी लेन्स कोणती घ्यावी, यावर एका मैत्रिणीचं महिनाभर अडलं होतं. प्राइम म्हणजे ४०० मिमीवरच स्थिर असलेली लेन्स, झूम म्हणजे १५० ते ६०० मिमीपर्यंत बदलता येणारी; मिमीचा आकडा मोठा, तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो. मी दोन्ही वापरल्यात, म्हणून हा हिशेब.

आधी पोहोच, कारण पक्षी बहुतेक वेळा लांबच असतो. ४०० ऐवजी ६०० वर तो फ्रेममध्ये दीडपट मोठा, म्हणजे क्षेत्रफळात सव्वादोन पट दिसतो. क्रॉप करून आकार भरून निघतो, पिसांचा बारकावा नाही. इथे झूम सरळ पुढे.

वजनात उलट. कॅननची जुनी ४०० मिमी एफ/५.६ प्राइम सव्वा किलोची, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी झूम दोन किलोच्या आसपास. कागदावर किरकोळ वाटतं; घारीमागे अर्धा तास लेन्स फिरवली की खांदा बोलायला लागतो.

एफचा आकडा म्हणजे लेन्स किती उजेड आत घेते त्याचं माप; लहान आकडा, जास्त उजेड. प्राइमच्या एफ/५.६ आणि झूमच्या ६०० वरच्या एफ/६.३ मध्ये जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्यावर वाद नको. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याने फोटो पुसट होऊ नये म्हणून लेन्समधली सोय) मात्र त्या प्राइममध्ये नाहीच, झूममध्ये आहे. पहाटेच्या उजेडात स्तब्ध बसलेला खंड्या हातात कॅमेरा धरून १/२५० सेकंदाच्या शटरला टिपायचा, तर झूम सोपी. उडत्या पक्ष्याला स्टॅबिलायझेशन वाचवत नाही (माझे कित्येक बगळे असेच पुसट झाले). तिथे १/२००० शटर, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यावर फोकस सतत जुळवत राहणारा). लेन्स कुठलीही असो.

लपणात बसून पाणवठ्यावर वाट बघणाऱ्यांनी झूम घ्यावी. दिवसभर पायी भटकून उडते पक्षी टिपणाऱ्यांनी प्राइम. मैत्रिणीने झूम घेतली, आणि पंधरा दिवसांत मोनोपॉडही (लेन्सचं वजन पेलणारा एकपायी स्टँड).