गिरणगावचा वॉक केला, पण नेहरूंची गोष्ट १९२९ मध्येच संपली

सातशे रुपये माणशी, रविवारी सकाळी साडेसातला लालबागच्या पुलाखाली जमायचं, विषय नेहरू आणि कामगार चळवळ. मी तिथलाच, वडील गिरणीत साचेखात्यात (कापड विणायच्या खात्यात) होते, त्यामुळे ही वॉकवाली पोरं मला काय नवीन सांगणार असं मनात होतंच, पण मुलीने बुकिंग करून टाकलेलं म्हणून गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, पोरं मेहनती आहेत.

आधी चांगलं सांगतो. गाईड पोरगी जबरदस्त. परळ नाक्याला दळवी बिल्डिंगसमोर, म्हणजे लाल बावट्याचं, कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनचं, ऑफिस जिथे होतं तिथे, तिने झरियाचा किस्सा सांगितला. १९२८ ला तिथे आयटकच्या, म्हणजे देशभरच्या युनियनांच्या संघटनेच्या, अधिवेशनाला नेहरू नुसते बघायला गेले, निघूनही गेले, आणि मागे त्यांना अध्यक्ष करून टाकलं! जहालांचा उमेदवार रेल्वेतला खराखुरा कामगार होता, त्याला पाडायचं तर मोठं नाव हवं म्हणून मवाळांनी यांचं नाव पुढे केलं. हे नेहरूंनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मग १९२९ ला नागपूरला तेच अध्यक्ष आणि तिथेच आयटक फुटली, इंग्रज सरकारने कामगारांसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार वगैरे ठराव झाले आणि ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी ही मवाळ मंडळी बाहेर पडली. ज्यांनी खुर्चीवर बसवलं तेच उठून गेले की! जोशी म्हणजे आपल्या डिलाईल रोडला ज्यांचं नाव आहे ते. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रज सरकारने मेरठ कटाच्या खटल्यात डांगे, मिरजकर, निंबकर, घाटे हे कम्युनिस्ट पुढारी सगळे उचलले, तेव्हा बचाव समितीत मोतीलाल आणि जवाहरलाल दोघंही होते. आणि हेच मिरजकर १९५८ ला मुंबईचे महापौर झाले, हे माझ्या मुलीला तिथे पहिल्यांदा कळलं.

इथपर्यंत पाच स्टार.

पुढे जी. डी. आंबेकर मार्गाला लागलो आणि मजदूर मंझिलवरून सरळ पुढे चालत गेलो. थांबलोच नाही. अहो, त्या रस्त्यावर थांबायची जागा तीच! राष्ट्रीय मिल मजदूर संघाचं ऑफिस, म्हणजे इंटकची गिरण्यांतली युनियन; इंटक ही कामगार संघटना, जी मे १९४७ ला काँग्रेसने काढली, आयटक कम्युनिस्टांच्या हातात गेली म्हणून. आणि १९४६ चा मुंबईचा बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायदा, ज्याने बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला, तो आणला तेव्हाचे प्रांताचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी. तेच नंदा पुढे दिल्लीत नेहरूंचे कामगारमंत्री. वडील म्हणायचे, वर्गणी मनातल्या युनियनला आणि सही मंझिलवाल्यांची. १९८२ च्या गिरणी संपात दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख माणूस होता तरी कागदावर युनियन मंझिलच, ती गाठ तेव्हाचीच.

मी गाईडला विचारलं, १९६० च्या संपाचं काय? तिला माहीत होतं, पण स्क्रिप्टमध्ये नाही म्हणाली. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत नंदांच्या अध्यक्षतेखाली ठरलं की किमान वेतन गरजेवर काढायचं, माणशी २७०० कॅलरी, चौघांच्या घराला वर्षाला ७२ यार्ड कापड. जुलै १९६० ला केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी तेच मागून संप केला तर नेहरू सरकारने वटहुकूम काढून संपच बेकायदा ठरवला, पाच दिवसांत मोडला. त्याच्या आदल्या वर्षी केरळचं कम्युनिस्ट सरकार घालवलेलं. म्हणजे विरोधात होते तोवर कामगार आपला माणूस आणि सत्तेत आल्यावर युनियन घरातली पाहिजे, असं मला तरी दिसतं. माणूस खोटा होता असं नाही म्हणणार, मेरठच्या वेळी उभा राहिला तो मनापासूनच. पण अर्धीच गोष्ट सातशे रुपयांत विकायची म्हणजे मापात पाप आहे.

बाकी किरकोळ: माईक खरखरतो, मागच्यांना काही ऐकू येत नाही. साडेतीन तासांत बाथरूमची सोय एकदाच, आमच्या वयाच्या लोकांनी बघून जावं. चहा मात्र फर्स्ट क्लास, कटिंग नाही, फुल.

तीन स्टार. गाईड पोरीने जाताना नंबर घेतलाय माझा, मंझिलसमोर दहा मिनिटं बोलाल का म्हणून. पैसे नकोत म्हटलं, माईक तेवढा नवीन घ्या.