२६४, २७२ की २८०? इव्होच्या ४जी६३ टर्बोसाठी कॅम निवडताना

कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, बदलायचे ठरले की हात आधी मोठ्या आकड्याकडे जातो. २७२ पेक्षा २८० मोठे, म्हणजे ताकदही जास्त, असा सरळ हिशोब. मित्सुबिशी लान्सर इव्होच्या ४जी६३ सारख्या दोन लिटरच्या टर्बो इंजिनात तो फसतो. इथे आधी टर्बो बघायचा, मग कॅम.

२६४ म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) २६४ अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा. इनटेक (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर सोडणारा) या दोन्ही लोबचे, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांचे, मध्य पिस्टन सर्वात वर असतो तिथपासून ११० अंशांवर धरले, तर २६४ च्या जोडीत दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा टप्पा, म्हणजे ओव्हरलॅप, ४४ अंश येतो. २७२ ला ५२, २८० ला ६०. गोम इथेच आहे. लहान टर्बो वरच्या आरपीएमला घुसमटतो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब इनटेकमधल्या बूस्टच्याही, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेच्या दाबाच्याही, वर जातो. तेव्हा पुढचे-मागचे दोन्ही दरवाजे उघडे राहिले तर जळालेला वायू उलटा सिलिंडरकडे येतो. ताजी हवा कमी, उष्णता जास्त, वर नॉकिंगची (इंधन अवेळी पेटण्याची) धास्ती. मोठ्या टर्बाइनमधून, म्हणजे टर्बोच्या जळालेल्या वायूने फिरणाऱ्या चाकातून, वायू मोकळा निघतो, म्हणून २८० तिथेच शोभतात.

एक सावधगिरी: कोणी कंपनी लोब उचलायला लागल्यापासून अंश मोजते, कोणी १ मिमी लिफ्टपासून, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उचलला गेल्यापासून. दोन कंपन्यांचे २७२ एकसारखे असतीलच असे नाही. लिफ्टचा आकडाही विचारा. टर्बोला व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवण्यापेक्षा जास्त उंच उचललेला बरा मानवतो.

मूळ टर्बो आणि रोज शहरातून ये-जा असेल तर २६४. आयडलिंग जवळजवळ कंपनीसारखेच राहते, बूस्टही वेळेवर येतो. २७२ ला सिग्नलवर गाडी किंचित थरथरते, पण मूळ कॅम ज्या टप्प्यावर दमतात तिथून ही पुढे लाल रेषेपर्यंत ओढत राहते. थोडा मोठा टर्बो किंवा अधूनमधून ट्रॅक असेल तर मी डोळे झाकून हेच घेईन. मूळ टर्बोवरही चालतात, ट्यूनिंग नीट हवे. २८० मूळ टर्बोवर टाकणे म्हणजे खालची ओढ घालवून नुसता आवाज विकत घेणे.

लोक विसरतात ती व्हॉल्व्ह परत बंद करणारी स्प्रिंग. इनटेक व्हॉल्व्हचे डोके ३४ मिमी व्यासाचे. १.५ बार बूस्टला त्याच्या पाठीवर जवळपास १३-१४ किलोचा रेटा बसतो, तोही व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेने. जुनी, दमलेली स्प्रिंग त्यापुढे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह वेळेत बसवू शकत नाही. बूस्ट वाढवणार असाल तर कॅमसोबत स्प्रिंग घ्याच. कव्हर दोनदा उघडायचे कशाला?

कॅमला ॲडजस्टेबल गिअर (कॅमचा कोन मागेपुढे करता येणारे चाक) लावले तर इनटेक थोडा उशिरा आणि एक्झॉस्ट थोडा लवकर करून ओव्हरलॅप घटवता येतो. इव्हो ९ मध्ये इनटेक बाजूला माइव्हेक (चालत्या इंजिनात व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी मित्सुबिशीची यंत्रणा) आहे, त्यामुळे इव्हो ८ चा इनटेक कॅम तिला चालत नाही. ऑर्डर देताना मॉडेल दोनदा सांगा.

बसवताना खरी कसोटी क्रँक आणि कॅम जोडणाऱ्या टायमिंग बेल्टची. स्प्रिंगच्या जोराने कॅम आपोआप सरकतो आणि जुळवलेली खूण एका दात्याने हुकते. म्हणून जाणते मेकॅनिक कागदांच्या गठ्ठ्याला लावायच्या काळ्या क्लिपांनी बेल्ट गिअरवर पकडून ठेवतात. नंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायच्या. स्टार्टर त्याआधी मारायचा नाही, कारण या इंजिनात टायमिंग चुकले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

भारतात रीतसर विकली गेलेली इव्हो १० तुमच्या दारात उभी असेल, तर हे सगळे बाजूला ठेवा. तिचे ४बी११ इंजिनच वेगळे, बेल्टच्या जागी चेन. यातला एकही कॅम तिला बसणार नाही.