रंग प्लेटच्या बाहेर होता, तरी घेतलं : १,९५,९०० रुपयांचं 'एचिंग'

छापचित्रकार कृष्णा रेड्डींच्या नावाचं रंगीत एचिंग (धातूची प्लेट कोरून, शाई लावून कागदावर दाबलेलं चित्र), पेन्सिलीने ४१/१००, म्हणजे शंभर प्रतींतली एक्केचाळिसावी, असं लिहिलेलं, नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका हॉटेलच्या भाड्याच्या हॉलमध्ये. वारस परदेशात, घर रिकामं करायचंय, भाव फक्त दोन दिवसांपुरता. ही टेप सगळ्यांना पाठ आहे, मलाही होती. ३५,००० टोकन यूपीआयने, १,५०,००० एनईएफटीने, ४,५०० 'पॅकिंग-इन्शुरन्स'चे, आणि वरून आपल्याच हौसेची फ्रेम ६,४०० ची. बेरीज शीर्षकात आहे.

हसणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की माल कच्चा नव्हता. जाड सुती कागद, हाताने फाटल्यासारख्या कडा, पुढे फ्रेमबाहेर काढून उजेडासमोर धरला तर वॉटरमार्कही. सही खऱ्या पेन्सिलीची, तिरपं धरलं की शिसं चमकत होतं. कागदात प्लेटचा खोलगट ठसाही होता. पुस्तकातल्या सगळ्या परीक्षा पास. कारण ती पुस्तकं नकली माल बनवणाऱ्यानेही वाचलेली असतात. छापील चित्रावर कोरी प्लेट प्रेसमधून दाबली की ठसा उमटतो. फार मेहनत नाही त्यात.

आता जिथे डोळे उघडायला हवे होते ते. डाव्या बाजूला निळा रंग ठशाच्या रेषेबाहेर जेमतेम एक मिलिमीटर गेला होता. दिसला. विचारलंही. उत्तर आलं, "रजिस्ट्रेशन सरकलं थोडं सर, हाताचं काम आहे न." आणि मी मान डोलावली!

रजिस्ट्रेशन म्हणजे एकावर एक रंग नेमके बसवणं. ते सरकतं एकेका रंगाची वेगळी प्लेट असते तेव्हा. रेड्डी पॅरिसच्या अटेलिए १७ या छापचित्रांच्या कार्यशाळेतले, त्यांची ख्याती व्हिस्कॉसिटी प्रिंटिंगची, म्हणजे सगळे रंग एकाच प्लेटवर. प्लेट वेगवेगळ्या खोलीवर कोरायची, जवसाचं तेल कमीजास्त करून एक शाई पातळ, एक घट्ट ठेवायची. कडक रोलर वरचा भाग रंगवतो, मऊ रोलर खोलात उतरतो, आणि आधीची तेलकट शाई मागून येणाऱ्या घट्ट शाईला धरू देत नाही. मग ओलसर कागद ठेवून प्रेसमधून एकदाच काढायचं. सरकायला दुसरं आहेच काय? रंग प्लेटबाहेर जाणारच कसा? हे सगळं माहीत असताना फसलो, लाज त्याची आहे.

ठशाचे कोपरेही सुरीसारखे टोकदार होते. छापणारा प्लेटच्या कडा कानशीने उतरत्या करतो, कोपरे गोल करतो, नाहीतर प्रेसच्या दाबाखाली कागद आणि त्यावरचं फेल्ट (जाड लोकरी कापड) दोन्ही कापलं जातं.

विकणारा फ्रेम उघडू देत नसेल तर तिथेच नमस्कार करा. "दमट हवा लागते" म्हणे! नागपूरच्या मे महिन्यात?

सीताबर्डीच्या फ्रेमवाल्याने विकणाऱ्याच्या फ्रेमची मागची टेप कापली तेव्हा पाठ पाहिली: सपाट. इतक्या खोल कोरलेल्या प्लेटचा उंचसखलपणा कागदाच्या पाठीवर बोटाला लागतो. मग दहापट भिंग. ठिपके दिसले म्हणजे लगेच नकली नव्हे, ॲक्वाटिंटलाही (प्लेटवर दाणेदार छटा कोरण्याची पद्धत) दाणा असतो, पण तो वेडावाकडा. इथे निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे नेमाने बसलेले. शुद्ध ऑफसेट, म्हणजे कॅलेंडरसारखी यंत्राची छपाई. हे भिंग काही शे रुपयांत मिळतं आणि ते घरी ड्रॉवरमध्ये पडलं होतं.

खरेदीला २३ दिवस झाले होते. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन पहिल्या काही तासांत केला तर पैसे गोठण्याची आशा असते, नंतर फारशी नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "चित्र आहे न तुमच्याजवळ? मग गेलं काय?" दुसऱ्या दिवशी 'सिव्हिल मॅटर'. तिसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तात. चौथ्या खेपेला एकाने चित्रासोबत मिळालेल्या सर्टिफिकेटवरचा होलोग्राम खरवडून पाहिला आणि म्हणाला, हे तर ओरिजिनल दिसतंय! खोट्या वस्तूला खरी म्हणून विकणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं, हे आपणच छापून न्यायचं आणि त्यांनी ते पंख्याखाली पेपरवेट ठेवून दाबायचं. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट दिलं तर शिक्का नाही. शिक्का आणला तर तो 'आवक' खिडकीवर द्या, आणि खिडकी चारला बंद.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच, तोंडी 'बघतो'वर परतू नका. बिलावर 'मूळ एचिंग' हे शब्द, माध्यम आणि क्रमांक लिहून घ्या. माझ्या बिलावर 'आर्ट प्रिंट १ नग' आहे, तेही घरी आल्यावर वाचलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. तिकडे अर्ज गेलाय. चित्र फाडावंसं वाटतं, पण पुरावा तोच, म्हणून माउंटसकट पाकिटात घालून सील केलंय. ६,४०० ची फ्रेम रिकामीच भिंतीला टेकून आहे.