टाकीत उरलेलं लाल तेल: गाडीत की शेजाऱ्याच्या फर्नेसमध्ये?

न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्सकडचं जुनं घर गॅसवर किंवा हीट पंपावर गेलं, की बेसमेंटमधल्या २७५ गॅलनच्या टाकीत थोडंफार हीटिंग ऑइल, म्हणजे घर गरम करणाऱ्या फर्नेसमध्ये (भट्टीत) जाळायचं लाल रंगाचं तेल, उरतंच. टाकी काढणारा त्याचे पैसे सहसा देत नाही, उलट उपसायचे लावतो. अशा वेळी दारात डिझेल गाडी असली की ‘हे तिलाच घातलं तर?’ हा विचार येतो, आणि तो वेडगळ नाही. नंबर २ हीटिंग ऑइल आणि पंपावरचं नंबर २ डिझेल ही सख्खी भावंडं आहेत. (ब्रिटनमधल्यांनी मात्र इथंच थांबावं. तुमच्या घरच्या टाकीत बहुधा रॉकेल असतं, आणि त्याला वंगण म्हणून काही दम नसतो.)

फरक असतो तो वरच्या मसाल्यात. रस्त्यावरच्या डिझेलला सिटेन (इंधन दाबाखाली किती चटकन पेटतं याचा आकडा) किमान ४० लागतो आणि वंगणक्षमतेची चाचणी पार करावी लागते. हीटिंग ऑइल या अटींना उतरेलच याची खात्री नाही, कारण फर्नेसला त्यांची फारशी गरज नाही. तिथला पंप १०० ते १४० पीएसआयवर, म्हणजे ७ ते १० बारवर, तेल नॉझलमधून फवारतो आणि ठिणगी ते पेटवते. कॉमन रेल गाडीत (जिथं ‘रेल’ या एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना इंधन जातं) हाच दाब १,८०० बारच्या घरात जातो, आणि त्या पंपाला वंगण मिळतं ते फक्त त्याच इंधनाचं. पंप झिजला की त्याचा धातूचा चुरा रेलमध्ये आणि इंजेक्टरांत पसरतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही, सगळी इंधनव्यवस्था बदलावी लागते.

जुन्या मर्सिडीज ३००डीसारखं इंजिन हे तेल कुरकुर न करता पचवेल, फार तर थंडीत सुरू होताना जास्त खडखडेल. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या गाडीत गंधकाचाही प्रश्न येतो. न्यू जर्सीत २०१६ पासून आणि मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकटमध्ये २०१८ पासून हीटिंग ऑइलही डिझेलसारखं १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) गंधकाचंच मिळतं. पण घरची टाकी कोणी कधी कोरडी करून भरत नाही, त्यामुळे तिच्यात मागच्या काळातल्या तेलाचा अंश किती, हे पावतीवरून कळत नाही.

गाळाचा त्रास दोन्हीकडे असतो. काठीच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून तळ बघा. पाणी असलं तर तेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं काळा, बुळबुळीत थर धरलेला असतो. उभ्या टाकीत तळचे ३ इंच म्हणजे साधारण ९ गॅलन, ते टाकीतच सोडून द्या. उपसताना नळीचं तोंड काठीला तळापासून ३ इंच वर बांधा. फर्नेसचा फिल्टर बराच ढोबळ असतो, थोडं इकडचं तिकडे त्याला चालतं. गाडीचा फिल्टर तेवढ्यानंच तुंबतो.

पण माझ्यासाठी निकाल लागला तो रंगावर. ज्यानं रेशनचं निळं रॉकेल पाहिलंय, त्याला हा लाल रंग कशासाठी हे सांगायला नको. या तेलावर रस्त्याचा कर भरलेला नाही, याची ती खूण. गाडीच्या १५ गॅलनच्या टाकीवर वाचणारा केंद्रीय कर गॅलनला २४.३ सेंटप्रमाणे साधारण ३ डॉलर ६५ सेंट. त्यावर राज्याचा कर धरा, तरी फार होत नाही. पकडलं गेलं तर दंड गॅलनला १० डॉलर किंवा सरसकट १,००० डॉलर, यांतला जो मोठा तो. वर बुडवलेला कर वेगळा. रंग उतरवायचे घरगुती उपाय सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. रंगात मुद्दाम फेरफार करणं हाही त्याच दंडाचा गुन्हा आहे.

तपासणी मुख्यतः ट्रकांची होते, हे मान्य. पण हा रंग पिच्छा सोडत नाही. १५ गॅलनच्या टाकीत ५ गॅलन लाल तेल घातलं, की ते झालं एक तृतीयांश. पाव टाकी उरल्यावर पुन्हा भरली, तर अजून आठ टक्के उरतं. त्यापुढच्या भरण्यालाही दोनेक टक्के. फिल्टरच्या कागदावर तर गुलाबी छटा तो बदलेपर्यंत राहू शकते. उद्या पंपाचा वॉरंटी दावा करायला गेलात आणि मेकॅनिकनं फिल्टरचं झाकण उघडलं, तर पुढचं बोलणंच खुंटलं. चार डॉलरांसाठी ही टांगती तलवार मला तरी परवडली नाही.

शेजाऱ्याच्या फर्नेसमध्ये हेच तेल कायदेशीर आहे. बाजारभावाच्या निम्म्यानं दिलं तरी दोघांचंही भलं. डबे पिवळे घ्या, पेट्रोलचे लाल डबे नकोत. डब्यात राहिलेलं थोडं पेट्रोलही तेलाचा ज्वलनबिंदू खाली आणतं, आणि फर्नेसमध्ये भडका उडू शकतो. ५ गॅलनचा भरलेला डबा १७-१८ किलोंचा होतो, जिन्याचा विचार करूनच माणसं बोलवा. ओतण्याआधी शेजाऱ्याचा बर्नर बंद करा आणि नंतरही दोनेक तास बंदच ठेवा, म्हणजे ढवळलेला गाळ खाली बसेल. टाकी भरताना वाजणारी आणि भरत आली की थांबणारी शिट्टी डब्यानं ओतताना भरवशाची नसते, काट्यावर नजर ठेवा. त्या हंगामात त्याचा फिल्टर आणि नॉझल बदलायचा खर्च तुम्ही उचललात तर बरं दिसेल.

शेजारी तयार नसेल, तर डिझेल जनरेटर किंवा शेतावरचा ट्रॅक्टर असलेला ओळखीचा शोधा. रस्त्याबाहेर लाल तेल चालतं. जुनी, दणकट डिझेल गाडी फक्त स्वतःच्या शेतात फिरवणार असाल, तर तिच्यातही घाला, माझी हरकत नाही.

टाकी रिकामी झाली की भिंतीबाहेरचा भरायचा पाइप काढायलाच लावा, नुसतं झाकण घट्ट करून सोडू नका. पत्ता चुकलेला टँकरवाला तोच पाइप बघून नळी लावतो, आणि आत टाकी नसेल तर शेकडो गॅलन तेल थेट बेसमेंटच्या फरशीवर येतं.